गोल बाजारातला चकवा

मुलांना भुताच्या गोष्टी सांगाव्यात की सांगू नयेत, हा प्रश्न घरोघरी केव्हा ना केव्हा निघतो आणि बहुधा अनिर्णीतच राहतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, मुलाचे मन कोवळे असते; त्यात एकदा भीती रुजली की ती जन्मभर उपटून निघत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, भुताची गोष्ट ऐकल्यावाचून कोणाचे बालपण पुरे झाले आहे? मुले ती आपण होऊन मागतात. आपण न सांगितली तर बाहेरून ऐकून येतात, आणि बाहेरची गोष्ट आपल्या गोष्टीपेक्षा वाईट असते. आमच्या घरी हे दोन्ही पक्ष एकाच व्यक्तीच्या ठिकाणी सुखाने नांदत होते. ती व्यक्ती म्हणजे माझी आजी. भुताला ती कधी भ्याली नाही, पण भुताच्या गोष्टीला मात्र ती फार जपत असे.

आमचे घर रायपूरच्या गोल बाजाराच्या मागील एका गल्लीत होते. रायपूर आज छत्तीसगडची राजधानी आहे. मी सांगते आहे तो काळ १९६० नंतरच्या काही वर्षांचा, म्हणजे हे शहर मध्यप्रदेशात मोडत होते तेव्हाचा. या भागात मराठी माणसे जुनी आहेत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर आली, तिच्याबरोबर काही कुटुंबे आली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तरी ती येथेच राहिली. पुढे रेल्वे, कचेऱ्या, शाळा यांच्या निमित्ताने आणखी आली. घरात मराठी, दुकानात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, अशा तीन भाषा आम्ही मुले एका दिवसात बोलत असू. त्यामुळे भुतेही आम्हांला तीन भाषांतून लाभली होती.

गोल बाजार हा नावाप्रमाणे गोल. मधोमध दुकाने, भोवती दुकाने आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या अरुंद गल्ल्या. जन्मापासून मृत्यूपर्यंत माणसाला जे जे लागते ते ते सारे येथे मिळते, अशी या बाजाराची ख्याती. बाळंतिणीचा मसाला येथे, लग्नाचे मुकुट येथे, बांगड्या, भांडी, पूजेचे साहित्य, वनौषधींच्या मुळ्या येथे. आणि अखेरच्या प्रवासाचे सामानही येथेच. लग्नाच्या मुकुटांचे दुकान पाहून चार पावले पुढे जावे, तो पांढऱ्या कापडाचे आणि मडक्यांचे दुकान. आजी म्हणे, “या बाजारात भुतालाही आपल्या जन्माचे सामान मिळेल!” आम्हांला त्या वाक्याने हसू येई, आणि दिवेलागणीला त्या दुकानावरून जाताना आम्ही एकमेकांचा हात धरीत असू. हसणे आणि हात धरणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत, हे येथे लक्षात ठेवावयाचे आहे.

मराठी भुतांचा गोतावळा मोठा आहे. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुंजा पिंपळावर राहतो. हडळीची पावले उलटी असतात. समंध आपल्या धनावर पहारा करतो. खवीस दांडगा, तर कोकणातला गिऱ्हा पाण्यातला. वेताळ हा या सर्वांचा राजा. त्याची पालखी दिवट्या पाजळून निघते. आणि चकवा हा सर्वांत निरुपद्रवी. तो कोणाला धरीत नाही, मारीत नाही. वाटसरूला रात्रभर एकाच जागी गोल गोल फिरवितो आणि पहाटे सोडून देतो. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई त्यांत मटियाची भर घालीत. छत्तीसगडच्या खेड्यांतला हा मटिया म्हणजे गुडघ्याएवढा, खोडकर, खादाड असा प्राणी. आजीला तो फार आवडला. “आमच्या भुतांत इतके लहान कोणी नाही,” असे म्हणून तिने त्याला आपल्या गोष्टींत दत्तक घेतले.

आजीची एक गोष्ट येथे तिच्याच पद्धतीने सांगते.

एका गावाच्या शिवेवर एक चकवा राहत असे. पूर्वी त्याचा धंदा बरा चालला होता. पण पुढे रस्ता पक्का झाला, मैलाचे दगड बसले, मोटारी सुरू झाल्या. मोटारीला गोल फिरवावे तर ती भोंगा वाजवी आणि चकव्याच्या कानठळ्या बसत. महिना महिना एक गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा पिंपळावरचा मुंजा त्याला म्हणाला, “अरे, रायपुरास जा. तेथे एक बाजारच गोल आहे. निम्मे काम आधीच झालेले!”

चकव्याला हे पटले. अवसेच्या संध्याकाळी तो गोल बाजारात येऊन दाखल झाला. पहिली सापडली ती एक लग्नघरची आई. चकव्याने तिला तीन वेळा बाजाराभोवती फिरविले. चौथ्या फेरीला बाई थांबली आणि म्हणाली, “बरे झाले बाई, तिन्ही दुकानांचे भाव कळले!” आणि तिने पहिल्याच दुकानी जाऊन रुपयाची वस्तू दहा आण्यांत घेतली. दुसरा सापडला एक मुलगा. तो आईचे बोट सोडून आधीच तासभर फिरत होता आणि आणखी फिरावयास मिळाल्यामुळे भलताच खूष झाला. तिसरा सापडला एक मुनीम. तो एका ऋणकोला शोधीत होता, आणि तो ऋणको त्याच्याच पुढे अर्ध्या फेरीवर पळत होता. चकव्याने दोघांनाही जोराने फिरविले. पण दोघांमधले अंतर काही कमी होईना. चकवा दमून घामाघूम झाला.

मध्यरात्र झाली. दुकाने मिटली. चकव्याने विचार केला, आता घरी जावे. या गल्लीने गेला तो बांगड्यांच्या दुकानापाशी आला. त्या गल्लीने गेला तो पुन्हा बांगड्यांच्या दुकानापाशी. तिसऱ्या गल्लीने डोळे मिटून पळाला, डोळे उघडतो तो समोर बांगड्या! चकवा मटकन खाली बसला आणि रडू लागला. तेव्हा रात्रीचा पहारेकरी कंदील घेऊन आला. त्याने कंदील खाली धरून पाहिले आणि म्हणाला, “पाहुणे, तुमची पावले उलटी आहेत. तुम्ही पुढे चालता ते मागे जाता. आता कसे पोहोचणार?”

“मग मी काय करू?” चकवा हुंदके देत म्हणाला.

“करावयाचे काय? येथेच नोकरी धरा.”

“आणि म्हणून,” आजी आजोबांच्या हातातील पिशवीकडे पाहून शेवट करी, “तेव्हापासून गोल बाजारात एक वस्तू आणावयास गेलेला माणूस पाच वस्तू घेऊन येतो, आणि जी आणावयाची ती विसरून येतो. हे सारे चकव्याचे काम!”

ही गोष्ट ऐकल्यावर आम्ही मुले दुसऱ्या दिवशी दप्तर टाकून बाजारात पळत असू. चकवा कोणत्या दुकानापाशी रडत बसला असेल, यावर आमचे वाद होत. ज्या जागेला आदल्या रात्री भ्यालो, ती जागा दिवसाउजेडी आपल्या पायांनी पाहून येणे हा त्या गोष्टीचाच उत्तरार्ध होता, आणि आजीने तो मुद्दाम ठेविलेला होता.

तिचे काही नियम होते, ते मला पुष्कळ वर्षांनी कळले. पहिला नियम असा की, भुताच्या अंगी काहीतरी उणीव असलीच पाहिजे. ते उपाशी असावे, विसराळू असावे, त्याला हिशेब येत नसावा, नाही तर घरची आठवण येत असावी. ज्याची दया येते त्याची भीती फार काळ टिकत नाही. दुसरा नियम असा की, भूत हे जेवण्यासाठी वा झोपण्यासाठी वापरावयाचे नाही. “जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल” असे घरात कोणी म्हटले की आजी रागावे. ती म्हणे, “भूत म्हणजे काय घरचा शिपाई आहे? तुमच्याने मूल जेवत नाही, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?” धाक घालण्याकरिता आणलेले भूत आणि गंमत म्हणून आणलेले भूत यांतील अंतर मुलाला नेमके कळते. गोष्टीतल्या भुताला मूल स्वतः बोलाविते. धाकातले भूत त्याच्यावर सोडलेले असते. तिसरा नियम मी पुढे सांगणार आहे. तोच या लेखाचे कारण आहे.

आपल्या परंपरेत भुताच्या गोष्टीला कमी लेखलेले नाही. गुणाढ्याची कथा आपल्या पैठणची, प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या दरबारातली. आख्यायिका अशी आहे की, राजसभेतील एका पैजेत हरल्यामुळे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या, तो विंध्याच्या अरण्यात गेला, तेथे पिशाचांची भाषा शिकला आणि तिच्यात त्याने ‘बृहत्कथा’ रचिली. राजाने ती झिडकारली. तेव्हा गुणाढ्याने अरण्यात अग्नी पेटविला आणि एक एक पान मोठ्याने वाचून तो त्यात टाकू लागला. भोवती पशुपक्षी चरणे विसरून अश्रू ढाळीत ऐकत उभे राहिले. राजाला हे कळून तो धावत येईपर्यंत सात लक्ष श्लोकांपैकी एकच लक्ष उरले होते. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ संस्कृतात लिहिला, तो त्याच परंपरेतला, आणि त्यातच वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत.

त्या गोष्टींतील वेताळ पाहावा. तो राजाच्या खांद्यावर बसलेला आहे, स्मशानातली वाट आहे, रात्र आहे. पण तो करतो काय? गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहशील तर मस्तकाची शकले होतील, असे बजावतो. भुताच्या तोंडी न्यायाचा प्रश्न घालणारी ही कल्पना मोठी आहे. भिऊन पळणाऱ्याला तेथे वाव नाही. विचार करणाऱ्यालाच आहे. ‘चांदोबा’ मासिक १९५२ मध्ये मराठीत निघू लागले आणि हा विक्रम-वेताळ महिन्याच्या महिन्याला आमच्या घरी येऊ लागला. तलवार उपसलेला राजा आणि खांद्यावरचे ते लोंबते प्रेत, हे के. सी. शिवशंकरन यांनी काढलेले चित्र माझ्या पिढीच्या असंख्य मुलांनी उशीखाली ठेवून झोप घेतली आहे. पुढे रत्नाकर मतकरींनी ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चेटकीण आणली आणि दिलीप प्रभावळकरांनी ती रंगविली. मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिणारा हाच लेखक; परंतु मुलांसाठी लिहिताना त्याने चेटकिणीलाच हास्याचा विषय केले. शिवाय ती चेटकीण म्हणजे लुगडे नेसलेला एक पुरुष आहे, हे मुलांना ठाऊक असे. ती कोणाच्या शेजारची बाई नव्हती.

हे शेवटचे वाक्य मी सहज लिहिलेले नाही.

आषाढ अमावस्येला आपल्याकडे दिव्याची अवस असते. घरातील समया, निरांजने, कंदील घासूनपुसून पाटावर मांडतात, त्यांची पूजा करतात, कणकेचे गोड दिवे करतात. छत्तीसगडात महिना पौर्णिमेला संपतो; म्हणून तीच तिथी तेथे श्रावण अमावस्या होते आणि तिचा सण म्हणजे हरेली. शेतकरी नांगर-कुदळींची पूजा करतात, मुले बांबूच्या गेडीवर चढून चालतात, दारोदारी कडुनिंबाच्या डहाळ्या खोवतात आणि लोहार चौकटीला खिळा ठोकून जातो. कारण त्या रात्री टोनही, म्हणजे चेटूक करणारी बाई, बाहेर पडते अशी समजूत. अशा रीतीने त्या एका संध्याकाळी आमच्या घरात दिव्यांची रांग असे आणि दाराबाहेर निंबाची डहाळी. आजीची गोष्टींची मोठी बैठक नेमकी त्याच रात्री भरे.

एका वर्षी त्या अवसेच्या पंधरा दिवस आधी गल्लीतला एक मुलगा आजारी पडला. एक दिवस हुडहुडी भरून ताप यावा, दुसऱ्या दिवशी बरे वाटावे, तिसऱ्या दिवशी पुन्हा ताप. शाळेच्या वाटेवर एक म्हातारी टोपली घेऊन मुरमुरे आणि फुटाणे विकीत असे. ती विधवा होती, एकटी राहत होती, तिचा एक डोळा अधू होता. कोणीतरी म्हणाले, ताप आला त्याच्या आदल्या दिवशी तिने या मुलाच्या डोक्यावरून हात फिरविला होता. बस, एवढे पुरले. दोन दिवसांत मुलांनी तिची वाट सोडली, चार दिवसांत आयांनी तिचे मुरमुरे सोडले. आठव्या दिवशी तिच्या झोपडीवर दगड पडले. ‘टोनही’ हा शब्द मोठी माणसे हळू आवाजात बोलत आणि मुले मोठ्याने.

आजीला हे कळले तेव्हा तिने प्रथम त्या मुलाच्या आईला गाठले आणि त्या मुलाला डॉक्टरांकडे नेवविले. तो हिवताप निघाला. गोळ्या सुरू झाल्या, ताप उतरला. त्यांच्या अंगणातील सिमेंटच्या टाक्यात पावसाचे पाणी साचले होते. आजीने त्या आईला तेथे उभे करून पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दाखविल्या. “हे तुझे भूत,” ती म्हणाली. “याला मंत्र नको, टाके उपडे कर.”

परंतु ताप उतरला म्हणून बोललेला शब्द परत येतो असे नाही. म्हातारीच्या टोपलीपाशी अजूनही कोणी जात नव्हते. तेव्हा अवसेच्या दिवशी आजी स्वतः तिच्याकडे गेली आणि म्हणाली, “दाई, आज संध्याकाळी आमच्याकडे ये. मुलांना मटियाची गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती मला नीट येत नाही.” एक-दोन आयांनी आपली मुले पाठविली नाहीत. बाकीची आली, ओसरीच्या अगदी कडेला, पळावयास सोपे अशी बसली. दिव्यांच्या रांगेपलीकडे म्हातारी बसली होती.

बराच वेळ कोणी बोलेना. मग त्या आजारी मुलाचा धाकटा भाऊ, सहा वर्षांचा असेल, एकदम उभा राहून म्हणाला, “दाई, तुझी पावले दाखव.”

ओसरीवर शांतता पसरली. आजीने त्याला गप्प केले नाही. म्हातारीने लुगडे जरा वर करून दोन्ही पाय दिव्यांच्या उजेडात पुढे केले. टाचांना खोल भेगा होत्या, बोटे मातीने काळवंडलेली होती. “डर झन, बाबू,” ती म्हणाली. “नीट पाहून घे. रोज दोन कोस चालतात ही पावले. उलटी असती तर मी संध्याकाळी घरी कशी पोहोचले असते?”

मुलाने वाकून पाहिले. मग चकव्याची आठवण होऊन तो हसू लागला, आणि त्याच्या मागोमाग सारी ओसरी हसली. नंतर म्हातारीने गोष्ट सांगितली. एक मटिया रोज रात्री एका घरातले बासी, म्हणजे पाण्यात भिजविलेला भात, चोरून खाई. घरच्या सुनेने एके दिवशी त्यात मूठभर मिरच्या कालविल्या. मटिया बोंबलत तळ्यावर गेला आणि तळेच्या तळे पिऊन बसला. मासे तक्रार घेऊन आले, बेडूक आले, शेवटी गावच्या म्हशी आल्या. तेव्हा मटियाने कबूल केले की, वर्षातून एकदा मी हे पाणी परत करीन. म्हणून हरेलीला पाऊस पडतो! नेमका त्या वेळी पाऊस पडत होता. मुले ओरडली, “मटिया आला! मटिया आला!”

दुसऱ्या दिवसापासून तिच्या टोपलीपाशी पुन्हा मुले उभी राहू लागली. सर्वच आली असे मी म्हणणार नाही. काही घरांनी तिला अखेरपर्यंत टाळले.

आजीचा तिसरा नियम आता सांगते. भुताला जिवंत माणसाचे नाव, जात, घर किंवा चेहरा द्यावयाचा नाही. ते पिंपळावर राहू दे, तळ्यात राहू दे, बाजारात चुकू दे. पण ते शेजारी राहता कामा नये. गोष्टीतल्या भुताच्या भीतीने मूल आईला बिलगते. गल्लीतल्या भुताच्या भीतीने ते दगड उचलते. दोन्ही भीतींचे नाव एकच असले तरी त्या एक नव्हेत. एक भीती मुलाला शहाणे करते, दुसरी गावाला क्रूर करते.

ही क्रूरता काही काल्पनिक नाही. टोनही ठरवून स्त्रियांना मारहाण केल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या, प्रसंगी जीव घेतल्याच्या घटना छत्तीसगडात इतक्या घडल्या की तेथे ‘टोनही प्रताडना निवारण अधिनियम, २००५’ हा कायदा करावा लागला. एखाद्या व्यक्तीला टोनही म्हणून दाखविणे हाच त्यात गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्यावरून छळ केल्यास पाच वर्षांपर्यंत. महाराष्ट्रातही जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर. कायद्याने शिक्षा होते; परंतु बोट दाखविण्याची सवय लागते ती लहानपणी, आणि पुष्कळदा एखाद्या गोष्टीतूनच. म्हणून गोष्ट सांगणाऱ्यावर जबाबदारी आहे.

याच रायपुरात माधवराव सप्रे हे मराठी घरातले लेखक राहिले, ज्यांनी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. १९०१ मध्ये त्यात आलेल्या त्यांच्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ या कथेत एक गरीब विधवा म्हातारी आपली झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला केवळ मातीच्या एका टोपलीने लाजविते. एकट्या म्हातारीकडे पाहण्याची ही दुसरी दृष्टी. मुलांना हडळीची गोष्ट सांगणाऱ्याने एखादे दिवशी ही गोष्टही सांगावी.

आणि मुलांनी प्रश्न विचारला तर त्याचे खरे उत्तर द्यावे. पिंपळाचे पान लांब, बारीक देठावर लोंबते, म्हणून वारा जाणवत नसतानाही ते सळसळते. मुंजाचा तो आवाज असा निघतो. गव्हाणी घुबडाचा चेहरा पांढरा, पंखांच्या कडा मऊ. ते आवाज न करता उडते आणि मग एकाएकी किंचाळते. धान्याच्या दुकानांतील उंदीर खाऊन ते माणसावर उपकारच करीत असते. झोपेत छातीवर कोणी बसले असे वाटते, तेव्हा मन जागे झालेले असते आणि शरीराचे स्नायू अजून झोपेतच असतात. क्षणभरात ते सुटते. अशा उत्तरांनी गोष्टीची गोडी कमी होईल अशी धास्ती बाळगू नये. जादूगाराची युक्ती कळल्यावर मुले तो खेळ पुन्हा पाहतात, तसेच हे आहे.

बुढा तलावाला आज विवेकानंद सरोवर म्हणतात, कारण १८७७ ते १८७९ या काळात मुलगा असलेले विवेकानंद रायपुरात राहत होते. त्यांच्या चरित्रांत त्याआधीची, कलकत्त्यातली एक हकिकत आढळते. नरेंद्र सोबत्यांसह एका चाफ्याच्या झाडावर चढून खेळत असे. त्याने फांद्या मोडू नयेत म्हणून एका वृद्धाने सांगितले की, या झाडावर ब्रह्मदैत्य आहे, तो मान मुरगाळतो. वृद्ध वळताच नरेंद्र पुन्हा झाडावर चढला आणि भ्यालेल्या सोबत्याला म्हणाला, हे खरे असते तर माझी मान केव्हाच मुरगाळली गेली असती! ही हकिकत आजी चकव्यानंतर हटकून सांगे. तिचे म्हणणे असे की, दोन्ही गोष्टी मुलांजवळ असाव्यात: एक रात्री मजेने घाबरण्यासाठी आणि एक सकाळी झाडावर चढण्यासाठी.

मी आता स्वतः आजी झाले आहे. माझी नातवंडे पुण्यात राहतात. सुटीत ती रायपुरास आली की त्यांना गोल बाजारात नेणे हा ठरलेला कार्यक्रम असतो. चकव्याला त्यांनी आता चष्मा दिला आहे आणि तो हल्ली मोबाइलमध्ये रस्ता पाहूनही चुकतो, असे त्यांचे म्हणणे आहे. गोष्ट अशी वाढू लागली म्हणजे ती मुलांची झाली असे समजावे. परवा धाकट्या नातीने त्यात एका शेजारणीचे नाव घालून पाहिले, तेव्हा थोरला नातूच तिला म्हणाला, “अगं, खऱ्या माणसाचे नाव घ्यायचे नसते. भुताला वाईट वाटेल.”